ओढ्याचे पुनरुज्जीवन आणि पाण्याची गुणवत्ता: पीएच.डी.चा प्रश्न कसा बांधावा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. पुण्याच्या पश्चिमेकडील एका ओढ्याच्या सुमारे तीन किलोमीटरच्या पट्ट्यात येत्या हिवाळ्यात पुनरुज्जीवनाचे काम सुरू होणार आहे. गाळ काढणे, उभे काठ उताराचे करणे, पात्रात ठिकठिकाणी दगडी अडथळे घालणे आणि काठावर झाडे लावणे असा आराखडा आहे. तुम्ही पर्यावरणशास्त्रात पीएच.डी.साठी नोंदणी केली आहे. पाच ठिकाणी दरमहा पाण्याचे नमुने घ्यायचे, कामाच्या आधीचा आणि नंतरचा जल गुणवत्ता निर्देशांक काढायचा आणि त्यांची तुलना करायची, एवढ्यावर प्रबंध उभा राहील का, असे तुम्ही विचारले आहे.

प्रबंध उभा राहील आणि बहुधा पदवीही मिळेल. मात्र त्या तीन किलोमीटरमध्ये जे काही घडेल ते पुनरुज्जीवनामुळे घडले की अन्य कशामुळे, हे त्या प्रबंधातून कोणालाही सांगता येणार नाही. गेली पंचवीस वर्षे पाणलोट क्षेत्रातील आणि शहरी ओढ्यांवरील कामांशी माझा संबंध आहे, आणि या विषयावरचे प्रबंध मी परीक्षक म्हणूनही वाचले आहेत. त्यांतील बहुतेकांची अडचण प्रयोगशाळेत निर्माण झालेली नसते. ती पहिला नमुना घेण्याच्या आधीच, प्रश्न मांडताना झालेली असते. म्हणून मी प्रश्नापासून सुरुवात करतो आणि उपकरणांकडे नंतर येतो.

‘ओढा सुधारला का?’ हा संशोधनाचा प्रश्न नव्हे, तो उद्घाटनाच्या भाषणातला प्रश्न आहे. ओढ्यातील पाण्याची गुणवत्ता दोन अगदी वेगळ्या गोष्टींवर ठरते: पात्रात काय येऊन पडते, आणि पडल्यानंतर पात्र त्याचे काय करते. पुनरुज्जीवनाचे काम, म्हणजे काठ, दगड, वाळू आणि झाडे, यांचा थेट संबंध दुसऱ्या गोष्टीशी आहे. पहिली गोष्ट मैलापाण्याच्या नळ्या, सोसायट्यांचे सांडपाणी, गोठे, शेते आणि रस्त्यांवरून वाहून येणारे पावसाचे पाणी यांच्या हाती असते. तुमच्या तीन किलोमीटरमध्ये काम सुरू असतानाच वरच्या बाजूला मलवाहिनी टाकली गेली आणि दोन नाल्यांचे तोंड बंद झाले, तर पाणी सुधारेल. त्याचे श्रेय मात्र दगडी बांधांना मिळेल. याच्या उलटही घडते. पात्र उत्तम काम करू लागते, पण वर नवी वसाहत उभी राहते आणि आकडे आणखी बिघडतात. या दोन बाजू वेगळ्या काढणे हाच तुमच्या प्रबंधाचा गाभा असायला हवा.

हा गोंधळ केवळ आपल्याकडचा नाही. दक्षिण कोरियातील सोल शहरातील चॉन्ग्येचॉन हा ओढा रस्त्याखालून मोकळा करून २००५ मध्ये लोकांसाठी खुला झाला. सुमारे ५.८ किलोमीटरच्या त्या पट्ट्याची छायाचित्रे आपल्या प्रत्येक सादरीकरणात असतात. त्यात वाहणारे बरेचसे पाणी हान नदीतून पंपाने आणून सोडलेले असते, ही गोष्ट त्या सादरीकरणात सहसा नसते. शहराचा तो भाग त्यामुळे सुखावह झाला, याबद्दल वाद नाही. परंतु तिथले पाणी स्वच्छ दिसते याचा अर्थ तो ओढा स्वतः पाणी स्वच्छ करतो, असा होत नाही.

अमेरिकेत या विषयावर सर्वांत जास्त पैसा खर्च झाला आहे, आणि तिथला अनुभव तुम्ही साहित्याच्या आढाव्यात सविस्तर घ्यावा. २००५ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात एमिली बर्नहार्ट, मार्गारेट पामर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तिथल्या ३७,०९९ प्रकल्पांच्या नोंदींचा आढावा प्रसिद्ध केला. त्यांपैकी जेमतेम १० टक्के नोंदींमध्ये कामानंतर काही मोजमाप किंवा मूल्यमापन झाल्याचा उल्लेख होता. त्याच गटाने २०१० मध्ये ७८ प्रकल्प तपासले. पात्रात दगड, डोह, वळणे अशी विविधता आणल्यावर तळाच्या किड्या-अळ्यांची जैवविविधता वाढते का, हे त्यांना पाहायचे होते. ठोस वाढ फक्त दोन ठिकाणी आढळली. घर बांधले म्हणजे राहायला कोणी येईलच, ही समजूत तिथे पुरती ढासळली.

त्याच्या जोडीला बाल्टिमोरजवळच्या टाउसन येथील माइनबँक रन या ओढ्याचा अभ्यास ठेवा, कारण तो वेगळे काही सांगतो. तिथे उभे, खोल कापले गेलेले काठ खाली आणून ओढा पुन्हा त्याच्या पूरमैदानाशी जोडण्यात आला होता. काठाजवळच्या मातीत नायट्रेटचे वायुरूप नायट्रोजनमध्ये रूपांतर होण्याचा, म्हणजे डीनायट्रिफिकेशनचा, वेग काम झालेल्या भागात काम न झालेल्या भागाच्या सुमारे दुप्पट भरला. मात्र जिथे काठ उंचच राहिले आणि पाण्याचा काठाशी संबंध तुटलेलाच होता, तिथे काम होऊनही हा वेग कमी होता. या अभ्यासाने ‘काम यशस्वी झाले’ एवढेच सांगून थांबणे टाळले. काठाची उंची, पाण्याचा संपर्क आणि जिवाणूंची प्रक्रिया अशी साखळी त्याने दाखवली. प्रबंधाला अशी साखळी लागते. निर्देशांक बासष्टवरून एकाहत्तरवर गेला, यात साखळी नाही.

जल गुणवत्ता निर्देशांकाबद्दल इथेच बोलून घेतो, कारण आपल्या विद्यापीठांत त्याचे फार प्रस्थ आहे. दहा-बारा घटकांना भार देऊन एकच आकडा काढणे नागरिकांना माहिती देण्यासाठी ठीक आहे. संशोधकासाठी मात्र तो आकडा म्हणजे दळून पीठ केलेले धान्य होय. त्यात गहू किती होता आणि खडे किती होते, हे पुन्हा वेगळे करता येत नाही. एक उदाहरण घ्या. मैलापाण्यात नायट्रोजन मुख्यतः अमोनियाच्या रूपात असतो. ओढ्यात खळखळाट वाढला, प्राणवायू मिसळला, की जिवाणू त्या अमोनियाचे नायट्रेट करतात. म्हणजे पात्र काम करू लागले की अमोनिया घटतो आणि नायट्रेट वाढते. निर्देशांकात नायट्रेटची वाढ ‘बिघाड’ म्हणून मोजली जाते. ओढा सुधारण्याच्या वाटेवरची पहिली खूण तुमच्या तक्त्यात अशा रीतीने दोष म्हणून नोंदली जाईल. निर्देशांक द्यायचाच असेल तर परिशिष्टात द्या.

आता प्रवाहाबद्दल. तुमच्या आराखड्यात प्रवाहमापन कुठेच नाही, आणि ही माझ्या मते त्यातली सर्वांत मोठी उणीव आहे. पाण्यातील पदार्थाची तीव्रता आणि पाण्यातून वाहून जाणारा एकूण भार या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. समजा कामाआधी ओढ्यात सेकंदाला १२ लिटर पाणी वाहत होते आणि अमोनिया लिटरला १८ मिलिग्रॅम होता. कामानंतर प्रवाह २४ लिटर आणि अमोनिया ९ मिलिग्रॅम झाला. तक्त्यात अमोनिया निम्म्यावर आला असे दिसेल, टक्केवारीचा स्तंभ ५० दाखवेल आणि सगळे खूश होतील. पण भार काढा: दोन्ही वेळा तो दिवसाला साधारण १८.७ किलोच भरतो. ओढ्याने काहीही केलेले नाही. कुठून तरी दुप्पट पाणी आले, कदाचित वरच्या बंधाऱ्याचे दार उघडले असेल किंवा पाण्याची मोठी वाहिनी गळत असेल, आणि तोच अमोनिया त्यात पातळ झाला.

लहान ओढ्याचा प्रवाह मोजायला महागडे यंत्र लागत नाही. तरंगता लाकडी ठोकळा सोडून वेग काढण्याची पद्धत पावसाळ्यात उपयोगी आहे. पृष्ठभागावरचा वेग सरासरीपेक्षा जास्त असतो, म्हणून त्याला साधारण ०.८५ ने गुणावे लागते आणि पात्राचा आडवा छेद मोजलेला असावा लागतो. उन्हाळ्यात, जेव्हा पाणी दगडांमधून वाट काढत घोट्याएवढे वाहते, तेव्हा ही पद्धत कोलमडते. अशा वेळी मिठाची पद्धत वापरा. एक किलो साधे मीठ बादलीभर पाण्यात पूर्ण विरघळवून ओढ्याच्या मध्यधारेत एकदम ओतायचे, आणि खाली पन्नास-साठ मीटरवर, जिथे पाणी नीट मिसळलेले असेल तिथे, विद्युतवाहकतेचा मीटर धरून दर पाच सेकंदांनी आकडा लिहायचा. आकडा चढतो, माथ्यावर येतो आणि हळूहळू मूळ पातळीला उतरतो. या चढ-उताराखालचे क्षेत्रफळ आणि मिठाचे वजन यांवरून प्रवाह निघतो. लिटरला एक मिलिग्रॅम मिठामागे वाहकता साधारण दोन मायक्रोसीमेन्सने वाढते. सेकंदाला २० लिटरचा प्रवाह असेल आणि मिठाची लाट तीन-साडेतीन मिनिटांत पुढे गेली, तर सरासरी वाढ ५०० मायक्रोसीमेन्सच्या आसपास येते, जी मैलापाण्याच्या मूळच्या जास्त वाहकतेवरही स्पष्ट दिसते. मात्र आधी त्याच ओढ्याच्या पाण्यात मोजून घेतलेले मीठ घालून मीटरची खात्री करून घ्यावी. बादली ओतताना काठावरचे लोक ‘कसली पूजा आहे?’ असे विचारतील. त्यांना नीट समजावून सांगा, कारण पुढची तीन वर्षे तुमच्या खुणेच्या खुंट्या तेच लोक उपटणार आहेत किंवा राखणार आहेत.

प्रवाह मोजता आला नाही अशा दिवसासाठी एक तोड आहे. प्रत्येक नमुन्यात क्लोराइड मोजा. क्लोराइड ओढ्यात ना खाल्ले जाते ना गाळात फारसे बसते. ते पाण्याबरोबर पुढे जाते. वरच्या टोकाला नायट्रेट २४ आणि क्लोराइड ६० मिलिग्रॅम असेल, आणि खालच्या टोकाला नायट्रेट १२ आणि क्लोराइड ३० असेल, तर मध्ये फक्त स्वच्छ पाणी मिसळले आहे. खाली नायट्रेट १२ असून क्लोराइड ५८ असेल, तर मधल्या पट्ट्यात नायट्रेट खरोखर कमी झाले आहे. ते जिवाणूंनी वायू करून सोडले की शेवाळाने तात्पुरते उचलले, हा पुढचा प्रश्न. पण तो प्रश्न विचारण्याचा अधिकार तुम्हाला या एका साध्या गुणोत्तराने मिळतो. आपल्याकडच्या प्रबंधांत क्लोराइड जवळजवळ नेहमी मोजलेले असते आणि या कामासाठी जवळजवळ कधीच वापरलेले नसते.

नमुना घेण्याची वेळ. इथे मला माझीच चूक सांगावी लागेल. माझ्या पीएच.डी.च्या काळात मी ज्या गाडीने ओढ्यावर जात असे, ती सकाळी साडेदहाला पोहोचायची. त्यामुळे माझे दीड वर्षाचे सर्व नमुने अकरा ते दीडच्या दरम्यानचे होते. विरघळलेला प्राणवायू सुरेख होता, आणि कामानंतर तर तो संपृक्ततेच्याही वर गेला होता. मी त्यावर एक पूर्ण प्रकरण लिहिले. मसुदा वाचून एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी समासात पेन्सिलीने एवढेच लिहिले: ‘पहाटे किती असतो?’ मी थर्मास आणि प्राणवायू मोजण्यासाठीच्या विंकलरच्या बाटल्या घेऊन रात्रभर ओढ्यावर बसलो. पहाटे साडेचारला प्राणवायू लिटरला एक मिलिग्रॅमच्याही खाली होता. काठावरची सावली देणारी झुडपे काढून टाकल्यामुळे पात्रात ऊन पडू लागले होते, मैलापाण्याचे खत आयते होते, आणि शेवाळ माजले होते. दिवसा ते प्राणवायू सोडत होते आणि रात्री तोच प्राणवायू ओढून घेत होते. मी ज्याला सुधारणा म्हणत होतो, ते वास्तविक बिघाडाचे लक्षण होते. ते प्रकरण मी फाडले नाही, अजून जपून ठेवले आहे.

पुण्याच्या उंचीवर २५ अंश तापमानाला पाण्यात प्राणवायू साधारण ७.७ मिलिग्रॅमपर्यंतच संतुलित राहतो. दुपारी ११ किंवा १२ असा आकडा आला तर आनंद मानू नका, संशय घ्या. अशाच दुपारी शेवाळामुळे पाण्याचा सामूही (पीएच) चढतो आणि त्याबरोबर अमोनियाचे स्वरूप बदलते. २५ अंशांना सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी अर्ध्या टक्क्याच्या आसपास भागच माशांना विषारी अशा मुक्त रूपात असतो; सामू ८ ला तो पाच टक्क्यांवर जातो आणि ९ ला एक तृतीयांशाच्या पुढे. म्हणून दरमहा पाच ठिकाणी एकेक बाटली भरण्याऐवजी हंगामात दोनदा का होईना, पण दोन ठिकाणी सलग चोवीस तास दर दोन तासांनी प्राणवायू, सामू आणि तापमान घ्या. नोंदक यंत्र मिळाले तर उत्तमच, पण ते बांधून ठेवलेल्या जागी कोणी राखणदार नसेल तर ते दुसऱ्या दिवशी तिथे असेल याची हमी नाही.

प्रयोगशाळेबाबत दोनच सूचना पुरेशा आहेत. अमोनियाचा नमुना जागेवरच आम्ल घालून आणि बर्फात ठेवून आणावा, नाहीतर प्रवासात तो बदलतो. आणि जैवरासायनिक प्राणवायू मागणी (बीओडी, म्हणजे पाण्यातील सेंद्रिय घाण कुजवायला जिवाणूंना लागणारा प्राणवायू) भारतीय मानकानुसार २७ अंशांना तीन दिवस ठेवून काढली आहे की परदेशी पद्धतीने २० अंशांना पाच दिवस, हे प्रत्येक तक्त्याखाली लिहा. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत स्नानयोग्य पाण्यासाठी ही मागणी ३ मिलिग्रॅमपर्यंत असावी आणि प्राणवायू किमान ५ असावा. तुमच्या ओढ्यातील आकडे त्याच्या आसपासही नसतील, तेव्हा वर्गवारीतील बढतीवर प्रबंधाची भिस्त ठेवू नका.

आता आराखड्याची रचना. फक्त ‘आधी’ आणि ‘नंतर’ अशी तुलना पुरत नाही, कारण दोन पावसाळे कधीच सारखे नसतात. एका वर्षी ऑक्टोबरपर्यंत पाऊस लांबला तर जानेवारीतला ओढा वेगळाच दिसतो, काम झालेले असो वा नसो. म्हणून काम न होणारा, पण भूगोल, वस्ती आणि पाणलोटाचे क्षेत्र यांत जुळणारा दुसरा ओढा निवडून त्याचेही नमुने त्याच दिवशी घ्यावे लागतात. तुलनेचे असे दोन ओढे मिळाले तर फारच बरे, कारण एकाच्या बाबतीत काही अघटित घडले तर दुसरा हाताशी राहतो. तुमचा दावा मग असा होतो: काम झालेल्या ओढ्यातला बदल उणे न झालेल्या ओढ्यांतला बदल. आणि एका ओढ्यातून साठ बाटल्या भरल्या म्हणून तुमच्याकडे साठ स्वतंत्र निरीक्षणे आहेत असे समजू नका. ओढा एकच आहे. स्टुअर्ट हर्लबर्ट यांनी १९८४ मध्येच ही चूक दाखवून तिला छद्म-पुनरावृत्ती या अर्थाचे नाव दिले. चाळीस वर्षांनंतरही माझ्याकडे येणाऱ्या प्रबंधांत ती टी-चाचणीच्या, म्हणजे दोन सरासरींची तुलना करणाऱ्या सांख्यिकी चाचणीच्या, तक्त्यात बसलेली असते.

नमुन्यांच्या जागा निवडताना मध्ये तलाव येतो का, हे पाहा. पुण्यातील रामनदीचे उदाहरण घ्या. ती खाटपेवाडीच्या बाजूला उगम पावून भूगाव, बावधन, पाषाण आणि बाणेरमार्गे मुळेला मिळते, आणि वाटेत मानस तलाव व पाषाण तलाव लागतात. तलाव म्हणजे गाळाची टाकी आणि शेवाळाची शेती दोन्ही असते. तलावाच्या वरचा आणि खालचा नमुना यांतला फरक हा तलावाचा परिणाम असतो. तो पात्रातल्या कामाच्या खाती मांडता येत नाही. तुमच्या पट्ट्यात बंधारा असेल तर हेच लागू होते.

काम सुरू होण्याआधी तुमच्या हाती जेमतेम एक पावसाळा आणि एक हिवाळ्याची सुरुवात आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे पीएच.डी.ला कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा वर्षे मिळतात, आणि पहिल्या वर्षाचा बराच भाग कोर्सवर्क खाते. कोर्सवर्क संपल्यावर क्षेत्रकाम सुरू करू, असे म्हणालात तर कामाआधीची स्थिती कायमची हातची जाईल. जेसीबी पात्रात उतरल्यानंतर ती कुठल्याही पैशाने परत मिळत नाही. तेव्हा वर्ग सांभाळूनही या पावसाळ्यात ओढ्यावर जाच. समितीची औपचारिक मान्यता नंतर मिळाली तरी चालेल. दिनांक घातलेली नोंदवही आधीची असायला हवी.

पावसाळ्यातला सर्वांत मोलाचा नमुना जूनमधल्या पहिल्या मोठ्या पुराचा असतो. रस्त्यांवरचे तेल, धूळ, जनावरांचे शेण आणि गटारात आठ महिने साचलेले सगळे पहिल्या तासाभरात ओढ्यात येते, आणि तो पूर बहुधा संध्याकाळी अंधार पडल्यावर येतो. त्या वेळी पात्रात उतरू नका. त्याऐवजी मे महिन्यात काठाला एक मजबूत लोखंडी खांब रोवून त्यावर वेगवेगळ्या उंचीवर चार-पाच बाटल्या बांधून ठेवा. प्रत्येक बाटलीच्या घट्ट बुचातून दोन वाकड्या नळ्या काढायच्या: एकीतून पाणी आत शिरते, दुसरीतून हवा बाहेर पडते. पाणी ज्या उंचीला चढते त्या उंचीची बाटली भरते, आणि भरली की हवा कोंडल्यामुळे पुढे फारसे पाणी आत जात नाही. सकाळी जाऊन बाटल्या काढायच्या. चढत्या पुराचे नमुने असे स्वस्तात मिळतात. उतरत्या पुराचे मात्र हाताने घ्यावे लागतात, आणि घ्यावेतच, कारण एकाच उंचीच्या चढत्या आणि उतरत्या पाण्यात गाळाचे प्रमाण कित्येक पटींनी वेगळे असते.

आता काम काय होणार आहे, ते नीट समजून घ्या. ‘पुनरुज्जीवन’ हा शब्द आपल्याकडे काठ सिमेंटने बांधण्यापासून ते नाला खोलीकरणापर्यंत कशालाही लावला जातो. कनिष्ठ अभियंत्याकडून अंदाजपत्रक, आडव्या छेदांचे नकाशे आणि पुढे मोजमाप पुस्तिकेतील नोंदी मिळवा. प्रत्यक्षात झालेले काम आराखड्याहून नेहमी वेगळे असते. स्वतः लेव्हल (उंचीतला फरक मोजण्याचे यंत्र) लावून, पक्क्या खुणेच्या आधाराने, दहा-बारा ठिकाणचे छेद कामाआधी आणि प्रत्येक पावसाळ्यानंतर मोजा. या मोजणीला रसायनशास्त्रातले मार्गदर्शक क्वचितच महत्त्व देतात, पण तिच्याशिवाय तुमच्या रासायनिक आकड्यांना कारण जोडता येणार नाही.

खोलीकरण होणार असेल तर विशेष सावध राहा. आपल्याकडे काळ्या खडकावर मुरूम आणि त्यावर माती, असा थर बहुतेक ओढ्यांत आढळतो. तळाच्या वाळू-गोट्यांत ओढ्याचे पाणी आणि भूजल यांची सतत देवघेव चालते. नायट्रेट कमी करणारे जिवाणू मुख्यतः तिथेच, प्राणवायू संपलेल्या कोपऱ्यांत काम करतात. मुरूम खरवडून पात्र थेट कठीण बसाल्टपर्यंत नेले तर हा थर नाहीसा होतो. शिवाय भोवतालच्या विहिरींचे उथळ भूजल खोल झालेल्या ओढ्याकडे निथळू लागण्याचा धोका असतो. खोलीकरणासाठी धुळे जिल्ह्यातील शिरपूरची उदाहरणे सर्रास दिली जातात, पण तिथे तापीच्या खोऱ्यातील गाळाचे जाड थर आहेत; पुण्याच्या पश्चिमेला तसे नाहीत. तेव्हा काठावरच्या पाच-सहा विहिरींची पाणीपातळी दर महिन्याला दोरीने मोजणे तुमच्या प्रबंधात अवश्य घ्या. त्याचा खर्च शून्य आहे.

‘मूळ स्थिती’ या शब्दाबाबतही जपून. ओढा पूर्ववत केला, असे लिहिण्याआधी ‘पूर्व’ म्हणजे केव्हाचा, हे ठरवावे लागते. पेनसिल्व्हेनियातील सुंदर नागमोडी ओढे नैसर्गिक मानून त्यांच्या नमुन्यावर कामे होत होती. २००८ मध्ये रॉबर्ट वॉल्टर आणि डोरोथी मेरिट्स यांनी दाखवले की त्यांतील अनेकांचे उंच काठ पाणचक्क्यांच्या जुन्या बंधाऱ्यांमागे साचलेल्या गाळाचे आहेत. आपल्याकडे पांझरा आणि मोसम खोऱ्यांत फड पद्धतीचे, म्हणजे गावांनी सामुदायिक सिंचनासाठी बांधलेले, बंधारे शतकानुशतके आहेत. तिथे माणसाचा हात न लागलेले पात्र शोधणे व्यर्थ आहे. पुण्याभोवतीही परिस्थिती फार वेगळी नाही. संदर्भ म्हणून ‘नैसर्गिक ओढा’ न घेता ‘याच पाणलोटातला आज सर्वांत कमी बिघडलेला पट्टा’ घ्या आणि तसे स्पष्ट लिहा.

तळाच्या जीवांचा अभ्यास करणार असाल तर तो नोव्हेंबर ते फेब्रुवारीत करा. पुरानंतर लगेच घेतलेला नमुना पुराबद्दल सांगतो, पाण्याबद्दल नाही. घाण पाण्यात तगणाऱ्या लालबुंद कायरोनोमस अळ्यांची जागा स्वच्छ पाणी लागणाऱ्या मेफ्लाय आणि कॅडिसफ्लाय या कीटकांच्या अळ्या घेऊ लागल्या तर ती बातमी मोठी आहे. पण त्या येणार कुठून, हे आधी पाहा. वरच्या डोंगराळ भागात त्यांची वस्ती शिल्लक असेल तरच त्या प्रवाहाबरोबर खाली येतील. वरचा भागही गटार झालेला असेल, तर खाली कितीही सुबक दगड रचले तरी त्या दगडांवर त्याच लाल अळ्या राहतील, आणि तो दोष दगड रचणाऱ्याचा नसेल.

या सगळ्यातून मी तुमच्यासाठी प्रश्न असा सुचवीन: काठ उतरते केल्याने आणि तळात दगड-वाळू टाकल्याने, कमी प्रवाहाच्या काळात, या पट्ट्यातून जाणाऱ्या नायट्रोजनच्या भारापैकी किती भाग पात्रात अडतो किंवा बदलतो, आणि तो काम न झालेल्या ओढ्यांपेक्षा वेगळा आहे का? हा प्रश्न लहान वाटेल. तुमच्या मार्गदर्शकांनाही तो कदाचित लहानच वाटेल. पण तीन ओढे, प्रत्येकावर वर आणि खाली अशी दोन ठिकाणे, पंधरवड्याला एक फेरी, प्रत्येक फेरीत प्रवाह, क्लोराइड, अमोनिया, नायट्रेट, फॉस्फेट आणि प्राणवायू, हंगामात दोन चोवीस-तासी नोंदी आणि वर्षाला दोन-तीन पूर एवढे एका माणसाने एका मदतनिसासह निभावता येते. याहून मोठी यादी पहिल्या उन्हाळ्यातच गळते.

गमबूट आणि हातमोजे घातल्याशिवाय पाण्यात जाऊ नका, धनुर्वाताची लस घ्या, आणि पावसाळ्यात ताप आला तर तुम्ही मैलापाण्यात काम करता हे डॉक्टरांना आठवणीने सांगा, म्हणजे ते लेप्टोस्पायरोसिसचा विचार करतील.

शेवटी एक व्यवहाराची गोष्ट. निविदा लांबतात, ठेकेदार बदलतात, निवडणुकीची आचारसंहिता लागते, आणि हिवाळ्यात सुरू होणारे काम दोन वर्षांनी सुरू होते किंवा होतच नाही. म्हणून नोंदणीच्या शीर्षकात ‘पुनरुज्जीवनाचा परिणाम’ असे शब्द घालू नका. ‘पुण्यातील तीन ओढ्यांमधील नायट्रोजनचे वहन आणि पात्ररचना’ अशा स्वरूपाचे शीर्षक घ्या. काम झाले तर तो तुमचा प्रयोग ठरेल. काम झाले नाही, तरी दोन-तीन वर्षांच्या प्रवाहासह घेतलेल्या नोंदी, तीन ओढ्यांच्या पात्ररचनेतले फरक आणि पहाटेचा प्राणवायू तुमच्या हाती राहील, आणि शीर्षकबदलाचा अर्ज घेऊन समितीपुढे उभे राहावे लागणार नाही.